एकच फाइल जपा

श्रावणातल्या एका दुपारी गावच्या वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. बाई फोनवरही वाचनालयात बसल्यासारख्याच हळू बोलतात, त्यामुळे मागे पत्र्यावर कोसळणारा पाऊस त्यांच्या आवाजापेक्षा मोठा ऐकू येत होता. ‘अगं, वेळ आहे ना तुला? तक्रार नाही हं. विचारायचंय फक्त.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘माझ्या हातून हल्ली नोंदी राहून जातात. संगणक म्हणतो पुस्तक कपाटात आहे, आणि कपाटात बघावं तर जागा रिकामी. एखाददुसरं असतं तर काही वाटलं नसतं. पण आठ-दहा झाली आता. मीच कुणाला दिली असणार आणि नोंदवायची विसरले असणार. वय झालं.’ बाईंचं वय झालंय हे मला माहीत होतं, पण बाई नोंद विसरतील हे मला पटेना. मी लहान असताना एक पुस्तक अकरा दिवस उशिरा परत केलं होतं, ते त्या अजून काढतात. म्हणून मी विचारलं, मधे काही झालं का, संगणक बदलला का? तर हो, वीज पडली त्या रात्री तो बंद पडला तो पडलाच. बाजारातल्या दुकानातला मुलगा आला, जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून त्याने माहिती पेन ड्राइव्हवर घेतली, नवा संगणक बसवला आणि जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कुणाला तरी दिली. ‘काय काय घेतलं त्याने पेन ड्राइव्हवर?’ मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘तू लिहून ठेवलंयस तेच. एकच फाइल.’

चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती.

संगणकाच्या काचेखाली, डाव्या कोपऱ्यात, निळ्या शाईने लिहून वर चिकटपट्टी लावलेली: ‘बाकी काहीही गेलं तरी चालेल. ही एकच फाइल जपा.’ खाली फाइलचं नाव आणि फोल्डरचा पत्ता. ती चिठ्ठी लिहिताना मला किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं. त्या एका ओळीत मी बाईंना एक वचन देत होते आणि ते देता यावं म्हणूनच आधीचा सगळा प्रोग्रॅम मोडून नव्याने लिहिला होता.

आमचं वाचनालय कोकणातल्या तालुक्याच्या गावातलं. आत शिरलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग ओल्या छत्र्यांचा, आणि कपाटाचं दार उघडलं की जुन्या बांधणीतल्या खळीचा. पावसाळ्यात पुस्तकांची पानं हाताला मऊ लागतात, उन्हाळ्यात करकरीत होतात. देवघेवीच्या टेबलावर तारखेचा शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड आणि दाखल नोंद रजिस्टर. त्या रजिस्टरात खाडाखोड करायची नाही, चुकलं तर लाल शाईने एक रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही करायची. हे मी बाईंकडून शिकले तेव्हा सातवीत असेन. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर गावासाठी काहीतरी करावं म्हणून मी वाचनालयाला सभासद, वर्गणी, अनामत आणि देवघेव असा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. ऑफिसात जे वापरायचो तेच वापरलं: खाली सर्व्हरवालं डेटाबेस, म्हणजे माहिती सांभाळणारा आणि मागितली की काढून देणारा एक वेगळा चालणारा प्रोग्रॅम, आणि वर माझा प्रोग्रॅम. घरी माझ्या संगणकावर झकास चालायचं.

गावात ते पहिल्याच पावसात कोलमडलं. दिवे जायचे, यायचे, पुन्हा जायचे. संगणक सुरू व्हायचा, माझा प्रोग्रॅम उघडायचा, पण सर्व्हर बिचारा अजून उठलेला नसायचा, किंवा उठता उठता पडलेला असायचा. मग पडद्यावर माझी खिडकी: ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.’ टेबलासमोर शाळा सुटल्यावर आलेली मुलं, हातात पुस्तकं. बाई मला फोन करून विचारायच्या, ‘कुठला सर्व्हर गं? कुठे असतो तो?’ तो त्याच टेबलाखाली, त्याच डब्यात होता. एका खोलीत एक बाई, एक संगणक आणि एक प्रोग्रॅम. त्यात निरोप घेऊन जाणारा, वाट बघायला लावणारा, स्वतःचा पासवर्ड आणि स्वतःच्या रुसव्याफुगव्या असलेला आणखी एक रहिवासी मी आणून बसवला होता.

नंतर वाचलं की जगातल्या सगळ्यात जास्त पसरलेल्या डेटाबेस इंजिनाचा जन्म अगदी अशाच खिडकीतून झाला. २००० साली रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. जहाजाला मार बसला, नुकसान झालं, तर काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. माहिती होती इन्फॉर्मिक्स नावाच्या डेटाबेसच्या सर्व्हरवर. सर्व्हर पडला की हिप यांचा प्रोग्रॅम ‘जोडणी होत नाही’ एवढंच सांगू शकायचा, आणि खिडकी यांची म्हणून बोल यांनाच. त्या प्रोग्रॅमला जी माहिती हवी होती ती त्याच संगणकाच्या डिस्कवर पडलेली होती. मग मधे सर्व्हर कशाला? डिस्कवरची फाइल आपणच का वाचू नये? त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एसक्यूएलाइटची पहिली आवृत्ती आली. मी हे वाचलं तेव्हा युद्धनौका आणि आमचं वाचनालय यांत मला काही अंतरच वाटेना. दोन्हीकडे पाणी, दोन्हीकडे दिवे जाण्याची भीती, आणि दोन्हीकडे कामाच्या वेळी ‘संपर्क नाही’ हे उत्तर चालणारं नाही.

वाचनालयाचा प्रोग्रॅम मी एसक्यूएलाइटवरच नव्याने लिहिला होता. प्रोग्रॅमच्या पोटातच डेटाबेस बसवणं म्हणजे नेमकं काय, हे मला बाईंना समजावून सांगायचं होतं. ते मी असं सांगितलं: आधी पुस्तक शोधायला तुम्ही शिपायाला चिठ्ठी देऊन पाठवत होतात, आता तुम्हीच उठून कपाटापाशी जाता. वेगळा चालणारा सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, इन्स्टॉल करायचं काही नाही. सगळं इंजिन म्हणजे सी भाषेतल्या दोन लाखांहून जास्त ओळींची एक सलग फाइल. ती आपल्या प्रोग्रॅमबरोबर बांधली की जेमतेम एक एमबीची भर पडते. आणि माहितीचं म्हणाल तर सभासद, पुस्तकं, वर्गणी, सगळे तक्ते आणि त्यांच्या सूच्या मिळून डिस्कवर एकच फाइल. ती फाइल उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवा, तिथेही तशीच उघडते. २००४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ठरलेली तिची ठेवण आजही तीच आहे, आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचा शब्द तिच्या कर्त्यांनी दिला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ माहिती जपण्यासाठी ज्या ठेवणींची शिफारस केली आहे त्यांत ही आहे. एका ग्रंथालयाने दिलेला हा निर्वाळा दुसऱ्या ग्रंथालयात सांगताना मला फार आनंद झाला होता.

आणखी एक आनंद होता, तो मात्र मराठीचा. पहिल्या यादीवरच बाईंनी बोट ठेवलं: ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी कसा? आणि ‘क्षितिज’ ‘क’मध्ये काय करतंय? युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलेलं आहे, आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. यंत्र ते त्या क्रमांकांप्रमाणेच लावतं. आपण मात्र पाटीवर ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं गिरवलंय. सर्व्हर असता तर मला त्याच्या सेटिंगमध्ये डोकं घालावं लागलं असतं. इथे इंजिन माझ्याच प्रोग्रॅमच्या आत होतं, म्हणून मी त्याला एवढंच सांगितलं: दोन शब्दांत आधी कुठला हे तू ठरवू नकोस, मला विचार. मी चाळीसेक ओळींचं एक फंक्शन लिहिलं. त्यानंतर यादी लावताना इंजिन दर दोन नावांमागे माझ्या फंक्शनपाशी येतं, विचारतं आणि पुढे जातं. एकाच घरात राहण्याचा हा फायदा. त्याची दुसरी बाजूही आहे: तीच फाइल परक्या साधनात उघडून यादी मागितली तर ते तक्रार करतं, की ही ‘मराठी’ नावाची तुलना मला ठाऊक नाही. ते बघून मला उगाच बरं वाटायचं.

चार वर्षं सगळं नीट चाललं. पावसात दिवे जायचे, आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडला की अर्धवट राहिलेली नोंद आपोआप पुसलेली असायची. त्यामागची पद्धत बाईंच्या लाल रेघेसारखीच आहे. डेटाबेसची फाइल आतून सारख्या मापाच्या पानांत विभागलेली असते. पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल बाजूच्या फाइलीत ठेवायची, मग बदल करायचा, आणि सगळं डिस्कवर पोचलं की नक्कल टाकून द्यायची. मधेच दिवे गेले तर पुढच्या वेळी ती नक्कल सापडते आणि पान जसं होतं तसं परत लावलं जातं. फक्त डिस्क जुनी असल्याने प्रत्येक नोंदीला किंचित वेळ लागायचा. ‘नोंदवा’वर क्लिक केल्यावर डब्यातून कर्रर्र असा आवाज आणि श्वास घेण्याएवढी थांबण. दिवाळी अंकांच्या दिवसांत टेबलासमोर रांग लागायची तेव्हा ती थांबण बाईंना जड जायची. त्या काही म्हणाल्या नव्हत्या. मीच एकदा मागे उभी राहून पाहिलं, आणि पुण्याला परतल्यावर एक बदल केला.

त्या बदलाबद्दल सांगायचं तर मला आधी बाबांच्या दुकानात जावं लागेल. आमचं किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी दोन वह्या, लाल कापडी बांधणीच्या: रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभर जे घडेल ते बाबा कीर्दीत लिहीत जायचे, एकाखाली एक, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. गिऱ्हाईक समोर असताना खतावणी उघडून त्याचं खातं शोधत बसायला वेळ नसायचा. रात्री जेवणं झाली की जाजमावर बसून ते कीर्दीतली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचे. मला शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचं काम असे. बाबांच्या बोटांना गूळ आणि शाई यांचा मिळून एक वास यायचा. लग्नसराईत रात्री उशीर झाला की खतावणी दोन-तीन दिवस मागे राहायची. ‘खतावणी खोटी नसते,’ बाबा म्हणायचे, ‘फक्त मागे असते. म्हणून खरं काय ते दोन्ही वह्या मिळून.’

२०१० मध्ये एसक्यूएलाइटमध्ये जी नवी पद्धत आली, ती म्हणजे हीच कीर्द. बदल मूळ फाइलीत करायचेच नाहीत. बाजूला एक दुसरी फाइल, तिच्या शेवटी नवी पानं जोडत जायची. शोधताना आधी तिथे बघायचं, तिथे नसेल तर मूळ फाइलीत. हजारेक पानं साठली की ती मूळ फाइलीत उतरवायची, आणि प्रोग्रॅम रीतसर बंद झाला की उरलंसुरलं उतरवून बाजूची फाइल काढून टाकायची. लिहिणं यामुळे झपाट्याने होतं. मी एक ओळ बदलली, नवी आवृत्ती पाठवली, आणि कर्रर्र थांबलं. बाईंनी आवर्जून फोन करून सांगितलं, ‘आता कसं पटकन होतं गं!’ घरी तपासताना मी दर वेळी प्रोग्रॅम बंद करून मग फोल्डर उघडून बघायचे. तिथे दर वेळी एकच फाइल दिसायची. ती माझी चूक होती. बाई प्रोग्रॅम कधी बंदच करत नाहीत. तो उघडायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी फक्त पडदा बंद करून वर क्रोशाचा रुमाल टाकतात.

म्हणजे चिठ्ठी खोटी झाली होती आणि मी ती बदलली नव्हती.

दुकानातल्या त्या मुलाने चिठ्ठीबरहुकूम काम केलं. फोल्डरमध्ये त्याला तीन फाइली दिसल्या असणार, एक ठसठशीत आणि दोन लांब शेपटीच्या नावाच्या. त्याने चिठ्ठी वाचून नाव जुळवलं आणि तीच उचलली. खतावणी आली, कीर्द पुसली गेली. आमच्या वाचनालयातली रोजची देवघेव बघता हजार पानं भरायला आठवडा तरी लागतो. पानं शेवटची मूळ फाइलीत उतरल्यावर वीज पडेपर्यंत चार दिवस गेले होते. ते चार दिवस नाहीसे झाले.

त्या रात्री मला झोप आली नाही, ती त्या चार दिवसांमुळे नाही. नोंदी गेल्या तर परत भरता येतात. मला टोचत होतं ते ‘वय झालं’ हे वाक्य. सर्व्हर पडायचा तेव्हा निदान ओरडून सांगायचा. बाई वैतागायच्या, पण चूक कुणाची यात शंका नसायची. इथे कुणीच ओरडलं नाही. मी पेन ड्राइव्हवरची ती फाइल मागवून घेतली आणि तपासणीची आज्ञा दिली. उत्तर आलं: ठीक. एकही पान फाटलेलं नाही, एकही सूची चुकलेली नाही. फाइल निरोगी होती, फक्त चार दिवस मागे होती, आणि ते तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्यामुळे नव्या संगणकावर सगळं नेहमीसारखं उघडलं, नेहमीसारख्या याद्या आल्या, आणि यादी व कपाट यांच्यात जिथे जिथे तफावत निघाली तिथे बाईंनी विनातक्रार दोष स्वतःकडे घेतला. चाळीस वर्षं जिच्या लाल रेघेखालून आकडा वाचता येतो, तिला स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला माझ्या एका ओळीने लावलं. एका सभासदाला त्यांनी विचारलंही होतं, ‘तुमच्याकडे आमचं एखादं पुस्तक आहे का हो, माझ्याकडून नोंदवायचं राहिलं बहुतेक.’ ही माफी त्या माझ्या वाटची मागत होत्या.

एसक्यूएलाइटच्या कोडच्या फाइलींत वर, जिथे इतरांच्या कोडमध्ये हक्क आणि परवान्याची कलमं असतात, तिथे एक आशीर्वाद लिहिलेला आहे. हिप यांनी हा कोड सगळ्यांना मोकळा करून टाकला आहे, कुणाचाच हक्क नाही त्यावर, म्हणून कलमांऐवजी आशीर्वाद. तुझ्या हातून भलं घडो, वाईट न घडो. तुला स्वतःसाठी क्षमा मिळो आणि तू इतरांना क्षमा करो. तू मोकळ्या हाताने वाटो आणि देतोस त्याहून जास्त कधी न घेवो. तीन ओळी. मी त्या इतक्या वेळा डोळ्यांखालून घातल्या होत्या की वाचायचं सोडून दिलं होतं. त्या रात्री मधल्या ओळीपाशी थांबले. मग सकाळी बाईंना फोन केला आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. कीर्द आणि खतावणी म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी नाही विसरले.’ मी म्हटलं, ‘नाही बाई. तुम्ही नाही विसरलात.’

पुढच्या शनिवारी मी गावी गेले. घाटात धुकं होतं. वाचनालयात पोचले तेव्हा बाईंनी टेबलावर एक दोनशे पानी वही उघडून ठेवली होती. त्यांनी तोवर निम्म्याहून जास्त नोंदी परत मिळवल्या होत्या. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची पट्टी डकवलेली असते आणि संगणक आला तरी बाईंनी तिच्यावर शिक्का मारायचं सोडलेलं नाही. मी एकदा म्हटलंही होतं की आता याची गरज नाही. त्या चार दिवसांत गेलेली पुस्तकं एकेक करून परत येत होती आणि प्रत्येक पुस्तक स्वतःची तारीख जांभळ्या शाईत घेऊन येत होतं. बाई पट्टी बघत, वहीत दाखल क्रमांक लिहीत, आणणाऱ्याचं नाव लिहीत, मग संगणकावर चढवत.

मी प्रोग्रॅममध्ये एक बटण केलं: ‘नक्कल काढा’. ते दाबलं की इंजिन स्वतःच दोन्हीकडचं जुळवून, तारखेचं नाव दिलेली एक पूर्ण फाइल पेन ड्राइव्हवर लिहितं. ही सोय २०१९ पासून त्यात होती, मला शोधायची बुद्धी झाली नव्हती. शिवाय आता प्रोग्रॅम उघडला की शेवटची नोंद किती तारखेची, कुठल्या पुस्तकाची आणि कुणाच्या नावावर, हे पहिल्याच पडद्यावर ठळक दिसतं. यापुढे जुनी फाइल आली तर बाईंना आधी ती तारीख दिसेल, स्वतःवर शंका येण्याच्या आधी. बालविभागात दुसरा संगणक आणून तीच फाइल नेटवर्कच्या जाळ्यावरून दोघांनी वापरायची असं समितीच्या मनात होतं. त्याला मी सरळ नाही म्हटलं. एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारी कुलपं जाळ्यावरच्या फोल्डरमध्ये नीट लागतील याची खात्री नसते आणि दोघांनी एकदम लिहिलं तर फाइल खरोखरच फाटू शकते. असं काही लागलं तर सर्व्हरच आणू, म्हटलं, आणि तेव्हा त्याला वेगळी खोली देऊ.

चिठ्ठी मी काचेखालून काढली. चिकटपट्टी पिवळी पडून काचेला धरून बसली होती, नखाने खरवडावी लागली. नवी चिठ्ठी लिहायला घेतली तर बाई म्हणाल्या, ‘दे, मी लिहिते.’ त्यांनी लिहिलं: ‘रोज संध्याकाळी नक्कल. वहीत सही.’ मग बटण दाबलं, पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, फाइल उतरली. बाईंनी वहीत तारीख घातली, फाइलचं नाव लिहिलं आणि सही केली.

‘त्या चार दिवसांतलं एक अजून आलेलं नाही,’ वही मिटताना त्या म्हणाल्या. ‘लहान मुलांचं आहे. कुणाकडे गेलं ते तुझ्या यंत्राला नाही ना सांगता येणार?’

‘नाही येणार, बाई.’

त्यांनी वही पुन्हा उघडली, यादीच्या खाली दाखल क्रमांक लिहिला आणि नावाच्या रकान्यात जागा सोडली.